रिज्युमेत गेमिंग लिहावं का? पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी

मागच्या मे महिन्यात माझा भाचा इंदुरातल्याच सुदामा नगरहून आमच्याकडे राजेंद्र नगरला आला. हातात रिज्युमेची छापील प्रत होती. "मावशी, एकदा बघून दे ना, सोमवारी सुपर कॉरिडॉरला एका कंपनीत मुलाखत आहे." अगदी शेवटची ओळ होती, 'छंद: ऑनलाइन गेमिंग, संगीत ऐकणे, प्रवास.' गेमिंग म्हणजे नक्की काय करतोस, असं विचारल्यावर तो जरा बिचकला. घरी या विषयावरून बोलणी बसतात, तशी इथेही बसतील असं त्याला वाटलं असावं. चहा होईपर्यंत हळूहळू सगळं बाहेर आलं. कॉलेजच्या वार्षिक उत्सवात बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमची स्पर्धा त्यानेच भरवली होती. 40 संघांनी नावं दिली. गेममधल्या एका रूममध्ये, म्हणजे एका सामन्यात, 100 खेळाडू मावतात, म्हणजे चौघांचे 25 संघ. म्हणून त्याने दोन गट पाडले, वेळापत्रक लावलं, गुणतक्ता एक्सेलमध्ये बसवला. एका संघाने दुसऱ्यावर हॅक वापरल्याचा आरोप केला, तेव्हा दोन्ही बाजू ऐकून निकालही त्यानेच दिला. यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं.

मी 'ऑनलाइन गेमिंग' खोडलं आणि ती स्पर्धा पानाच्या वरच्या अर्ध्यात घेतली.

गेली अकरा वर्षं मी इंदुरात फ्रेशर्सचे रिज्युमे वाचते आहे. भरतीचा हंगाम आला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुतेकांना 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर हवं असतं. तसं देता येत नाही. मी एकच गोष्ट बघते: तुम्ही किती खेळलात याला महत्त्व नाही, खेळताना तुमच्या भरवशावर कोण होतं आणि त्यांच्यासाठी तुम्ही काय केलंत, याला आहे. ते सांगता येत असेल तर लिहा. येत नसेल तर ती ओळ दुसऱ्या कशाला तरी द्या.

आपल्या इथली मुलं गणेशोत्सवात वर्गणी गोळा करतात, नाटकाच्या तालमी सांभाळतात, अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चालते देखावे, निघतात तेव्हा पहाटेपर्यंत गर्दी आवरतात. रिज्युमेत 'गणेशोत्सव मंडळाचा सचिव' असं लिहिलं तर इंदुरातला कोणताही अधिकारी मान डोलावतो. त्याने ती झांकी पाहिलेली असते, ती गर्दी आणि मांडवातली भांडणं त्याला ठाऊक असतात. 'क्लॅन लीडर', म्हणजे गेममधल्या गटाचा म्होरक्या, असं वाचल्यावर मात्र त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. काम कदाचित तितकंच कष्टाचं असतं, पण ते त्याने कधी पाहिलेलं नसतं. ते त्याला दिसेल असं लिहिणं हे तुमचं काम आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: कच्चा कागद

रिज्युमे बाजूला ठेवा. साध्या कागदावर, जे जे गेम मनापासून खेळलात त्यांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: तिथे तुमचं काम काय होतं? रँक नको, तास नकोत. काम.

तासांबद्दल इथेच सांगते, कारण ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. '4,000 तासांचा अनुभव' असं लिहिणाऱ्याला वाटतं, यातून चिकाटी दिसते. वाचणारा मनात हिशेब करतो: रोज 8 तासांप्रमाणे 500 दिवस, म्हणजे सुट्ट्या वगळून नोकरीची जवळजवळ दोन वर्षं. आणि मग त्याची नजर तुमच्या गुणपत्रिकेकडे जाते. हा आकडा कधीही लिहू नका.

कामांचे प्रकार साधारण असे निघतात. काहींनी स्पर्धा भरवलेली असते, माझ्या भाच्यासारखी. काहींनी माणसं सांभाळलेली असतात. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये एका क्लॅनमध्ये 50 पर्यंत जण असतात. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, युद्धात कोण उतरणार, दोनदा न सांगता गायब झालेल्याला काय म्हणायचं, हे सगळं कुणीतरी ठरवत असतं. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये पाचजणांच्या संघात एकजण आयजीएल असतो, म्हणजे खेळ चालू असताना डावपेच ठरवून बाकीच्यांना सांगणारा. डिस्कॉर्ड या गेमर्सच्या गप्पांच्या अॅपवर मॉडरेटर असतात, शिवीगाळ थांबवणारे, नव्या माणसाला रुळवणारे, रात्री दोन वाजता पेटलेलं भांडण विझवणारे.

आणि काहीजण बनवणारे असतात. यांच्यासाठी मी मुद्दाम थांबते, कारण हीच मुलं स्वतःला सगळ्यात कमी लेखतात. माइनक्राफ्टसाठी जावामध्ये मॉड (गेममध्ये बदल करणारा कोड) लिहिणं, रोब्लॉक्सवर लुआउ या भाषेत छोटा गेम तयार करणं, डिस्कॉर्डसाठी पायथनमध्ये बॉट (आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम) बनवणं, मित्रांसाठी भाड्याच्या लिनक्स मशीनवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवणं, त्याचा बॅकअप घेणं, तो बंद पडला की कारण शोधणं. तुम्हाला तो खेळाचा भाग वाटतो. मला त्यात प्रोजेक्ट दिसतो, आणि तोही खरे वापरकर्ते असलेला. कॉलेजात शेवटच्या वर्षाला जमा होणाऱ्या लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम बहुतेक कुणी वापरत नाही. तुमचा सर्व्हर पंधराजण रोज वापरत होते आणि बंद पडला की तुम्हाला फोन करत होते. मुलाखतीत बोलायला याहून चांगली गोष्ट फ्रेशरकडे क्वचितच असते.

यूट्यूबवर चॅनल चालवला असेल तर तेही लिहून ठेवा. ओबीएस या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंग, प्रीमियर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्हवर एडिटिंग, थंबनेल, आठवड्याला ठरलेले व्हिडिओ. प्रेक्षक 300च असले तरी चालेल.

नुसतंच खेळला असाल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. खेळ विरंगुळ्यासाठीच असतो. फक्त तो रिज्युमेत येत नाही, जसं सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणं येत नाही.

दुसरी पायरी: पैशांचे खेळ वेगळे काढा

रमी, पोकर, फँटसी क्रिकेट, पैसे लावून खेळायचा लूडो, यातलं काही कागदावर उतरलं असेल तर ते आत्ताच काढा. 'विश्लेषणक्षमता' म्हणून पोकर लिहिलेले रिज्युमे मी पाहिले आहेत. 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन आणि नियमनाचा कायदा केला, 22 ऑगस्ट 2025 ला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात ई-स्पोर्ट्स आणि साधे सामाजिक खेळ एकीकडे ठेवले आहेत आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ दुसरीकडे. हे दुसरे खेळ देऊ करणं आणि त्यांची जाहिरात करणं आता गुन्हा आहे. शिक्षेच्या तरतुदी खेळणाऱ्यासाठी नाहीत, चालवणाऱ्यासाठी आहेत. तरीही जिंकलेल्या रकमेचा अभिमान रिज्युमेत मिरवायची ही वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर कधीच नव्हती. ज्या घरांत या खेळांनी कर्ज झालं, त्यातली काही घरं माझ्या ओळखीची आहेत.

एक अपवाद. अशा एखाद्या कंपनीत तुम्ही आधी रीतसर नोकरी केली असेल, टेस्टिंग केलं असेल, कस्टमर सपोर्टला बसला असाल, तर ती नोकरी आहे. ती लपवू नका. लपवली तर मधल्या रिकाम्या वर्षाचं उत्तर देणं जास्त अवघड होतं.

बॅन झालेल्या गेमचं नाव लिहावं का, असंही विचारतात. पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली, त्याचाच भारतासाठीचा अवतार बीजीएमआय 2021 मध्ये आला. 2019 मध्ये पबजीची स्पर्धा जिंकला असाल तर नाव आणि वर्ष दोन्ही लिहा. वर्षावरूनच कळतं की तेव्हा बंदी नव्हती.

तिसरी पायरी: वाचणारा कोण आहे

एकच रिज्युमे सगळीकडे पाठवायची सवय सोडा. सॉफ्टवेअर कंपनीला, मग ती सुपर कॉरिडॉरची असो की विजय नगरची, बनवणाऱ्यांचा अनुभव नक्की चालतो. सपोर्ट किंवा बीपीओच्या कामाला मॉडरेटरचा अनुभव फार जवळचा: चिडलेल्या माणसाशी लेखी, शांतपणे आणि पटकन बोलणं, तेच तर काम आहे. डिजिटल मार्केटिंगवाले चॅनल बघतात, आणि पहिल्या पाच मिनिटांतच बघतात.

पिथमपूरच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जाताय तर स्पर्धा भरवल्याची एक ओळ पुरे. बँकेच्या आणि सरकारी परीक्षांच्या अर्जात याला जागाच नसते. सियागंजातल्या एखाद्या पेढीवर हिशेबाच्या कामाला जात असाल तर गेमिंग घरी ठेवा आणि टॅली नीट येतं हे सांगा.

ई-स्पोर्ट्सची, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमची, गोष्ट थोडी वेगळी. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ते प्रात्यक्षिक म्हणून होते, तिथे भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य मिळवलं. 2023 मध्ये हांगझोउला ते पदकाचे खेळ झाले. तेव्हा तुम्ही राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या खऱ्याखुऱ्या स्पर्धेत उतरला असाल आणि प्रमाणपत्र हातात असेल, तर ते छंदांत टाकू नका. खो-खो किंवा कबड्डी जिथे लिहिली असती तिथे, 'क्रीडा' या सदरात लिहा. एखाद्या संघाशी करार करून मानधन घेतलं असेल तर तो सरळ कामाचा अनुभव.

चौथी पायरी: पानावरची जागा

फ्रेशरचा रिज्युमे एका पानाचा. बनवलेलं असेल ते 'प्रोजेक्ट्स'मध्ये. भरवलेलं आणि सांभाळलेलं 'जबाबदाऱ्या'मध्ये. जिंकलेलं 'यश'मध्ये. 'गेमिंग' नावाचं वेगळं सदर कधीही करू नका. मोठ्या कंपन्यांत माणसाच्या आधी सॉफ्टवेअर रिज्युमे वाचतं आणि ते नेहमीची सदरं शोधतं. चित्रं, गेमचे लोगो, काळ्या पार्श्वभूमीवर निऑन अक्षरं, यातलं काही नको. सगळं मिळून दोन किंवा तीन ओळी. त्याहून जास्त झालं तर वाचणाऱ्याला वाटतं की या मुलाकडे दुसरं काही नाही.

पाचवी पायरी: ओळ लिहिणं

इथे वेळ द्या. मी भाच्याबरोबर एका ओळीवर पाऊण तास बसले होते.

रिज्युमे तुम्ही इंग्रजीतच लिहाल, पण आधी मराठीत लिहा. मराठीत खोटं लगेच कानाला खटकतं. 'उत्कृष्ट नेतृत्वगुण आणि संघभावना विकसित केली' हे वाक्य मोठ्याने वाचून बघा. असं कुणी कधी बोलतं का? आता हे वाचा:

'कॉलेजच्या उत्सवात 40 संघांची बीजीएमआय स्पर्धा भरवली. नोंदणी, दोन गटांचं वेळापत्रक, गुणतक्ता आणि तक्रारींचा निवाडा सांभाळला. सहा स्वयंसेवकांत काम वाटून दिलं.'

यात एकही विशेषण नाही. नेतृत्व हा शब्दही नाही, तरी ते दिसतं. आणखी दोन नमुने देते.

मॉडरेटरसाठी: 'सुमारे 800 सदस्यांच्या ऑनलाइन गटात दीड वर्ष नियंत्रक. नियमावली नव्याने लिहिली, तक्रारींची नोंद ठेवायची पद्धत सुरू केली.'

सर्व्हर चालवणाऱ्यासाठी: 'पंधराजणांसाठी माइनक्राफ्ट सर्व्हर लिनक्सवर उभारला आणि चालवला. रोजचा बॅकअप आपोआप होईल अशी स्क्रिप्ट लिहिली.'

घडण लक्षात आली असेल: काय केलं, कितीजणांसाठी, आणि तुमच्यामुळे काय बदललं. आकडा तुमचा खरा हवा. 800 सदस्य असतील आणि त्यातले चाळीसच बोलत असतील, तर 'चाळीस सक्रिय सदस्य' लिहा. चाळीस माणसं सांभाळणं लहान काम नाही.

गेममधले शब्द काढून टाका. केडी रेशो, क्लच, रश, ग्राइंड, काहीच नको. रँक लिहायचीच असेल तर तिचा अर्थही लिहा. व्हॅलोरंटमधला 'रेडियंट' म्हणजे त्या विभागातले वरचे 500 खेळाडू. नुसतं 'रेडियंट' लिहिलं तर ते वॉटर हीटरचं मॉडेल आहे की कसला कोर्स, वाचणाऱ्याला काय कळणार.

आणि कुठलाही अभ्यास पुरावा म्हणून जोडू नका. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या सर्जनांचा एक अभ्यास इंटरनेटवर सतत फिरत असतो. अमेरिकेत 33 डॉक्टरांवर झालेला तो अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला, आणि आठवड्याला तीन तासांहून जास्त खेळलेल्या डॉक्टरांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात 37 टक्के कमी चुका केल्या, असं त्यात आढळलं. अभ्यास खरा आहे. पण ते सगळे आधी डॉक्टर होते. गेममुळे तुमची एकाग्रता वाढली असेल तर ती तुमच्या कामात दिसू द्या.

सहावी पायरी: पुरावा आणि साफसफाई

लिहिलेल्या प्रत्येक ओळीमागे दाखवण्यासारखं काहीतरी ठेवा: प्रमाणपत्र, स्पर्धेचं पोस्टर, गुणतक्त्याची फाइल, कोड ठेवायच्या गिटहब या साइटची लिंक. स्टीम या गेमच्या दुकानातल्या तुमच्या प्रोफाइलची लिंक देऊ नका, तिथे खेळलेले तास दिसतात.

मग स्वतःचं गेममधलं नाव गुगलवर शोधा. हे खरंच करा, आजच. शाळेत असताना ठेवलेलं शिवीवजा नाव, त्याच नावाचा ईमेल, त्याच नावाने कुणाशी तरी घातलेला घाणेरडा वाद, हे सगळं तिथे असू शकतं. अनेक मुलं चॅनलची लिंक अभिमानाने देतात आणि जुन्या लाइव्हमध्ये आपण काय बोललो होतो हे विसरतात. एका चांगल्या मुलाची निवड याच कारणाने थांबलेली मी जवळून पाहिली आहे. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते व्हिडिओ खाजगी करायला त्याला दहा मिनिटंही लागली नसती.

सातवी पायरी: मुलाखत

रिज्युमेत लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येणार, हे धरून चला. तयारीसाठी घरातली अशी व्यक्ती निवडा जिने आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही. आत्या, आजी, शेजारचे काका, कुणीही. त्यांना तीन मिनिटांत सांगा: काय होतं, अडचण काय आली, तुम्ही काय ठरवलं, शेवटी काय झालं. त्यांनी मध्येच 'म्हणजे काय रे?' विचारलं की तो शब्द बदला. माझ्या भाच्याने हे माझ्या सासूबाईंना सांगितलं. त्या वर्षानुवर्षं इंदुरातल्या सानंद या मराठी संस्थेची नाटकं बघत आल्या आहेत, गोष्ट कुठे रेंगाळली हे त्यांना बरोबर कळतं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "आता समजलं. तू म्हणजे स्पर्धेचा व्यवस्थापक होतास."

'दिवसाला किती वेळ खेळता?' हा प्रश्न हमखास येतो. समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या घरी बहुधा पंधरा वर्षांचा मुलगा असतो, आणि विचारताना त्याच्या मनात तोच असतो. खरं सांगा. 'कॉलेजात असताना रोज दोन तास, परीक्षेच्या महिन्यात बंद, आता शनिवार-रविवार' हे सरळ उत्तर आहे. 'अजिबात नाही' असं म्हणू नका, कारण तुमचा रिज्युमेच त्याच्या हातात असतो.

आणि खरं उत्तर सांगायची तुम्हालाच भीती वाटत असेल, झोप आणि जेवण सुटत असेल, थांबायचं ठरवूनही थांबता येत नसेल, तर रिज्युमे थोडा बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा विकार म्हणून आपल्या वर्गीकरणात घेतला आहे. घरात ज्याच्याशी बोलता येतं त्याच्याशी बोला, डॉक्टरांकडे जा. नोकरी दोन महिने उशिरा लागली तरी चालेल.

भाच्याची मुलाखत पंचवीस मिनिटं चालली. त्यातली दहा मिनिटं ते त्या स्पर्धेबद्दलच विचारत होते. शेवटी एका मॅडमनी विचारलं, आरोप झालेल्या संघाला बाद केलंस का? तो म्हणाला, नाही. रेकॉर्डिंग मागवलं, पण त्यात काही सापडलं नाही, म्हणून निकाल तसाच ठेवला. तक्रार करणारा संघ माझ्याच वर्गाचा होता, ते आठवडाभर बोलले नाहीत. मग दुसऱ्या फेरीआधी नियमात घातलं की प्रत्येक संघाने रेकॉर्डिंग चालू ठेवूनच खेळायचं.

हा नियमाचा बदल आम्ही पाऊण तास बसूनही रिज्युमेत घातला नव्हता. संध्याकाळी त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याला ती ओळ लगेच लिहून घ्यायला लावली.